केसपेपर म्हणजे काट्याची पावतीच



आपल्यापैकी कोणाच्या उसाची गाडी काट्यावर गेली आणि पावती न घेताच माघारी आली, असे कधी घडले आहे काय? मी सुमारे चाळीस वर्षे या कारखान्याचा सभासद आहे, मला तरी आठवत नाही. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, घट किती धरली, सगळे आपण बघतो. ज्याला अक्षर वाचता येत नाही तोही पावती पोराकडून वाचून घेतो आणि मगच कोपरीच्या खिशात घालतो. दोन क्विंटलचा फरक दिसला तर शेतकी ऑफिसात जाऊन टेबल वाजवतो. चिटबॉयची गाठ घेतो, गट अधिकाऱ्याची घेतो, आणि तरी भागले नाही तर वार्षिक सभेत माईक धरतो. याबाबतीत आपला शेतकरी कोणाला ऐकायचा नाही.

हाच गडी दवाखान्याच्या पायऱ्या चढला की मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटते. कशाचे इंजेक्शन दिले हे तो विचारत नाही. सही कशावर केली हे बघत नाही. लाख-दीड लाख बिल भरतो, पण केसपेपरची नक्कल मागायची म्हटले की "डॉक्टरसाहेबांना राग येईल" म्हणून गप्प बसतो. हे मी दुसऱ्याचे उणे काढण्यासाठी लिहीत नाही. माझ्याच घरात हे घडले, आणि गप्प बसणारा मीच होतो.

२०१५ सालच्या जानेवारीत, ऐन हंगामात, माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात ट्रॉलीच्या फाळक्यात सापडला. कोपराच्या खाली दोन्ही हाडे मोडली. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेले. फोटो काढला, हाड बसवले, आणि त्याच दिवशी पक्के प्लास्टर घालून घरी पाठवले. रात्रीपासून भाऊ गुरासारखा ओरडू लागला. बोटे सुजून केळ्यासारखी झाली, गार पडली, नखे काळीनिळी दिसू लागली. मी फोन लावला. उत्तर आले, "हाड मोडलंय, दुखणारच. गोळी द्या." दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष घेऊन गेलो, तर डॉक्टर गावाला गेलेले. कंपाउंडर म्हणाला, "प्लास्टर काढायचा मला अधिकार नाही." तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "दादा, आता दुखत नाही, पण बोटं माझी नसल्यागत वाटतात." मी देवाला नारळ फोडला. दुखायचे थांबले, एवढेच मला कळले. हात मेला होता म्हणून दुखणे थांबले होते, हे चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरांनी प्लास्टर कापल्यावर कळले. भावाचा जीव त्यांनी वाचवला, हेही इथे लिहिले पाहिजे. हात मात्र कोपराखाली काढावा लागला.

ताज्या मोडीवर सूज येणारच, म्हणून सूज उतरेपर्यंत सहसा अर्धे, कच्चे प्लास्टर घालतात. ते घट्ट झाले, बोटे गार पडली, हलवताना असह्य कळ येऊ लागली, तर प्लास्टर ताबडतोब कातडीपर्यंत कापून मोकळे करावे लागते. आत दाब वाढला की रक्त थांबते आणि काही तासांतच स्नायू मरू लागतात. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात, आणि हे काही नवे शास्त्र नाही, हाडाच्या डॉक्टरांना ते पहिल्यापासून शिकवलेले असते. मला हे सगळे नंतर समजले. हात गेल्यानंतर.

आता माझी चूक सांगतो. आठ दिवसांनी गावातली चार वजनदार माणसे मध्ये पडली. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बैठक झाली. साठ हजार रुपये टेबलावर आले आणि एक टाइप केलेला कागद आला. त्यात लिहिले होते की उपचाराबद्दल आमची काही तक्रार नाही. भाऊ अंथरुणावर होता, त्याचा डावा अंगठा मीच उमटवून आणला. "अण्णा, मोठ्या लोकांशी कुठं भांडत बसता, पोरीचं लग्न काढा," असे एकाने सांगितले, आणि मलाही ते पटले. एक्स-रेची फिल्म दवाखान्यातच राहिली. मी मागितली नाही. मग हंगाम संपल्यावर बघू, पेरणी झाल्यावर बघू, दिवाळीनंतर बघू असे करता करता २०१८ ची दिवाळी आली. त्या वर्षी भावाचा थोरला मुलगा कॉलेजात गेला आणि हट्ट धरून आम्हाला जिल्ह्याच्या वकिलाकडे घेऊन गेला.

वकिलांनी तीन प्रश्न विचारले. केसपेपर कुठे आहे? फोटो कुठे आहे? दवाखान्यात गेलेली तारीख कोणती? तिसऱ्याचे उत्तर दिले आणि ते पेन खाली ठेवून म्हणाले, "ग्राहक न्यायालयात यायची मुदत दोन वर्षांची. दवाखान्याने कागद जपून ठेवायची मुदत तीन वर्षांची. तुम्ही दोन्ही घालवून आलात." उशीर माफ करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण त्याला पटेल असे कारण लागते. आम्ही काय कारण देणार? ऊस तुटायचा राहिला होता?

म्हणून हा लेखनप्रपंच. माझे म्हणणे एवढेच आहे की दवाखान्याच्या चुकीचा दावा पुढे कोर्टात जिंकला किंवा हरला जात असेल, पण त्याचा निकाल पहिल्या आठ-पंधरा दिवसांत, कागद हातात आहे की नाही यावरच लागलेला असतो. आपण वजनाच्या पावतीला जेवढे जपतो तेवढे केसपेपरला जपले असते, तर आज भावाला हात नाही तरी न्याय मिळाला असता.

कागद मागणे हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे २००२ चे जे नियम आहेत, त्यात स्पष्ट लिहिले आहे की दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवली पाहिजेत, आणि रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने ती मागितली तर ७२ तासांच्या आत दिली पाहिजेत. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले, म्हणून २००२ चेच चालू आहेत. अर्ज साधा असावा. रुग्णाचे नाव, दाखल केल्याची आणि सोडल्याची तारीख, आणि "केसपेपर, नर्सच्या नोंदी, ऑपरेशनची नोंद, संमतीपत्र, तपासण्या, फोटो, बिले या सर्वांच्या नकला मिळाव्यात" एवढे वाक्य. दोन प्रती करायच्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपायची. झेरॉक्सचे पैसे द्यावे लागतील, ते द्यावेत. तोंडी मागितले आणि "उद्या या" म्हणाले, याला कोर्टात काही किंमत नाही. औषधाची पाकिटे, रिकाम्या बाटल्या, मेडिकलच्या दुकानाची बिले, कोणाला कितीला फोन केला त्याची मोबाइलमधली नोंद, हेसुद्धा फेकू नये. मी रात्री साडेअकराला फोन केला होता हे मी आजही शपथेवर सांगेन, पण तो मोबाइल मी कधीच बदलला.

दुसरी गोष्ट अवघड आहे, पण बोललेच पाहिजे. माणूस दगावला आणि संशय असला तर आपण शवविच्छेदनाला नकार देतो. "आता तरी त्याचा देह फाडू नका," असे घरातली बाईमाणसे म्हणतात, आणि त्यांचे दुःख खरे असते. पाहुणे खोळंबलेले असतात, सरणाची लाकडे आलेली असतात. पण मृत्यू कशाने झाला हे एकदा राख झाल्यावर कोण सांगणार? मग समोरचा वकील उभा राहतो आणि म्हणतो की हार्ट अटॅक आला असेल, यात डॉक्टरांचा काय दोष. तेव्हा त्या घरातल्या एका कर्त्या माणसाने मन घट्ट करून पोलिसांत लेखी द्यावे आणि शवविच्छेदन करून घ्यावे. अंत्यविधी चार-सहा तास पुढे जाईल. जाऊ दे.

तिसरी गोष्ट तरुण मंडळींसाठी. पेशंट गेला की पन्नास पोरे मोटारसायकली काढतात, दवाखान्याच्या काचा फोडतात, डॉक्टरच्या अंगावर जातात. त्यात आपले पाव्हणेही असतात. महाराष्ट्रात २०१० पासून याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई, आणि गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे ज्याचे नुकसान झाले तोच आरोपी होतो. एवढे करून त्या गोंधळात केसपेपर फाटतो किंवा गायब होतो, आणि तो कोणी गायब केला हे कायमचे कोडे राहते. काच फोडल्याने राग शांत होतो, हे मी मान्य करतो. बाकी काही होत नाही.

काही सभासद म्हणतील, "अण्णा, डॉक्टर लोकांविरुद्ध कोण जिंकलंय?" जिंकले आहेत, आणि आपल्या महाराष्ट्रातच जिंकले आहेत. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी पट्ट्या बांधल्या. मग टॅक्सीत घालून घाटरस्त्याने त्याला पुण्याला आणले. पुण्यातल्या दवाखान्यात पुरती भूल न देता, माणसे लावून पाय ओढून हाड बसवले आणि प्लास्टर घातले. त्याच रात्री तो मुलगा धक्क्याने गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. आपल्याच व्यवसायातल्या माणसावर दावा लावणे त्यांना किती जड गेले असेल! पण त्यांनी लावला. पुण्याच्या दिवाणी कोर्टापासून मुंबई हायकोर्ट आणि तिथून सुप्रीम कोर्ट. निकाल १९६८ च्या मे महिन्यात लागला, पंधरा वर्षांनी. भरपाई मिळाली तीन हजार रुपये. आजच्या हिशेबाने काहीच नाही, त्या काळीही फार नव्हती. पण जोशी विरुद्ध गोडबोले हा खटला आज देशातला प्रत्येक वकील वाचतो. पेशंट हातात घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही बाबतीत डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हे त्या निकालाने सांगितले. मोडक्या हाडाचाच खटला आहे, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

दुसरा मराठवाड्यातला. १९६३ च्या जुलैत तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. लगेच संततिनियमनाचे ऑपरेशन केले. ताप उतरेना, पोट दुखायचे थांबेना. पुन्हा पोट उघडले तेव्हा आत टॉवेल राहिल्याचे निघाले. बाई त्याच महिन्यात वारली. नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने छत्तीस हजार दिले, हायकोर्टाने ते काढून घेतले, आणि १९९६ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने पुन्हा दिले. तेहतीस वर्षे! आई गेली तेव्हा रांगणारे मूल निकालाच्या दिवशी चाळिशीकडे झुकलेले असणार. पोटात टॉवेल राहिला, तर हलगर्जी झाली की नाही हे सिद्ध करत बसायची गरज नाही, ती उघडच दिसते, असे कोर्टाने मानले. आणि डॉक्टर सरकारी असला तरी सरकार जबाबदार, असेही ठरले.

एवढी वर्षे आता लागतातच असे नाही, याचे कारण ग्राहक कायदा. १३ नोव्हेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या खटल्यात सांगितले की पैसे घेऊन केलेला उपचार ही 'सेवा' आहे आणि पेशंट हा ग्राहक आहे. बिल विमा कंपनीने भरले तरी तो ग्राहकच. जिथे सगळ्यांनाच सर्व काही फुकट, तो दवाखाना यातून सुटतो, तिथे दिवाणी दावा किंवा हायकोर्ट हा मार्ग राहतो. तेव्हा सरकारी योजनेत ऑपरेशन झाले म्हणून "फुकटचं होतं, काय बोलायचं" असे म्हणून घरी बसू नये. कागद घेऊन वकिलाला विचारावे.

आज जो कायदा आहे तो २०१९ चा, लागू झाला २०२० च्या जुलैत. आता आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ऑपरेशन पुण्या-मुंबईला झाले असले तरी हेलपाटे पुण्या-मुंबईला नाहीत. दवाखान्याला भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी एक पैसा नाही. पन्नास लाखांपर्यंतचे काम जिल्ह्यातच चालते. वकील न देता स्वतःही बोलता येते, पण दवाखान्याच्या बाबतीत ते मी सुचवणार नाही, कारण समोरून निष्णात वकील उभा राहतो. मुदत दोनच वर्षे, हे पुन्हा पुन्हा लिहितो. कायद्यात काही महिन्यांत निकाल द्यावा असे आहे, प्रत्यक्षात वर्षे लागतात. तेवढी तयारी ठेवूनच जावे.

वकिलांबद्दलही दोन शब्द. काहीजण म्हणतात, "आत्ता काही देऊ नका, मिळेल त्यातला चौथा हिस्सा मला." असा करार वकिलाला करताच येत नाही, त्यांच्याच बार कौन्सिलच्या नियमात त्याला बंदी आहे. तेव्हा फी आधी ठरवून घ्यावी, पावती घ्यावी. गंमत बघा, डॉक्टर ग्राहक कायद्यात आला, पण वकील त्यात येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०२४ च्या मे महिन्यात दिला! तर ते असो. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला त्याची समिती आहे. बाईमाणूस असेल तर उत्पन्न किती हे न विचारता वकील मोफत मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना, अपंगांना आणि लहान मुलांनाही. फोन नंबर १५१००. हा नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता उलट बाजू. पेशंट बरा झाला नाही म्हणजे डॉक्टर दोषी, असे नाही. एका डॉक्टरने एक उपचार केला, दुसरा म्हणतो मी वेगळा केला असता, यानेही दोष ठरत नाही. तसल्या दर्जाच्या दुसऱ्या कोणत्याही जाणत्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली का, एवढाच प्रश्न असतो. फौजदारी गुन्हा तर त्याहून कठीण. २००५ साली सुप्रीम कोर्टाने जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले की घोर हलगर्जी असेल तरच फौजदारी, आणि त्याआधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टराचे मत पाहिजे. म्हणून पोलीस लगेच गुन्हा नोंदवत नाहीत, त्यात दर वेळी लाच खाल्लेली असते असे समजू नये. ग्राहक आयोगात मात्र प्रत्येक वेळी तज्ज्ञाचे मत आणलेच पाहिजे असे नाही. २०१० साली हैदराबादकडच्या एका खटल्याचा निकाल लागला. मलेरिया खात्यातल्या एका नोकराच्या बायकोला ताप आला. दवाखान्याने टायफॉइड धरून उपचार केले, आणि ती गेली. नवऱ्याला दोन लाखांची भरपाई जिल्हा मंचाने दिली, वरच्या दोन आयोगांनी तज्ज्ञाचे मत नाही म्हणून ती रद्द केली, आणि सुप्रीम कोर्टाने पुन्हा दिली. त्या माणसाकडे तज्ज्ञ नव्हता. पण कागद होते.

कोणी म्हणेल, तालुक्यात डॉक्टर पाच-सहा, त्यांच्याशी वैर करून रात्री-अपरात्री जायचे कुठे? ही भीती खोटी नाही, मलाही होती. पण कागद मागणे म्हणजे वैर नव्हे. काट्यावर पावती मागितली म्हणून काटेवाल्याशी आपले वैर होते काय? ज्या डॉक्टरांचे काम स्वच्छ आहे ते नक्कल देताना कपाळाला आठी घालत नाहीत. शिवाय अनेक डॉक्टरांनी अशा प्रसंगासाठी विमा उतरवलेला असतो, भरपाई विमा कंपनी भरते. आपण मात्र समजतो की त्यांचे घरदार विकायला लावतोय.

आता ज्यांचा विषय काढला की सगळे खाली बघतात, त्यांच्याबद्दल लिहितो. आपला ऊस तोडायला येणाऱ्या बाया. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दर सहा बायांमागे एक! पाळीच्या दिवसांत खाडा नको, मुकादमाचा दंड नको, पोट दुखते म्हणून गेले की "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असे ऐकून बाहेर पडायचे. त्यातल्या किती जणींच्या हातात संमतीपत्राची नक्कल असेल? २००८ साली सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एका खटल्यात सांगितले आहे की दुर्बिणीच्या तपासणीला दिलेली संमती ही पिशवी काढायची संमती होत नाही. बाई बेशुद्ध असताना आईची सही घेतली होती, तीही चालली नाही. हा निकाल आपल्या फडातल्या एखाद्या बाईपर्यंत कधी पोचला आहे का? या बाया सहा महिने आपल्या बांधावर कोपी घालून राहतात. ऊस आपला, कारखाना आपला, उचल आपल्याच पैशातून जाते. त्या आपल्या सभासद नाहीत म्हणून हा आपला प्रश्न नाही, असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

म्हणून संचालक मंडळाला माझी विनंती आहे. गट ऑफिसात ऊस नोंदीचे अर्ज ठेवता, तसा कागदपत्रे मागण्याच्या अर्जाचा छापील नमुना ठेवा. महिन्यातून एक दिवस तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांना गटावर बोलवा. ते मोफत शिबिरे घेतात, मागणी करणारा पाहिजे. हंगामात हेच शिबिर तोडणी मजुरांच्या तळावर घ्या. आणि एक जरा बोचणारी गोष्ट. कारखाना मोतीबिंदूची शिबिरे भरवतो, त्याचे फोटो छापून येतात, फार चांगले काम आहे. पण शिबिरात डोळ्याचे ऑपरेशन झालेल्या प्रत्येक म्हातारीच्या हातात चष्म्याबरोबर तिचा केसपेपरही पडला पाहिजे. उद्या एखादा डोळा गेला तर तो कोणाच्या हातून गेला हे तिला कळले पाहिजे, मग त्यात कारखान्याचे नाव आले तरी चालेल.

"कारखान्याचे काम साखर करणे, कोर्टकचेरी नव्हे," असे एक संचालक मला म्हणाले. त्यांचा मान राखून सांगतो, सभासदांचा अपघात विमा उतरवणे, शाळा काढणे, लग्नाचे हॉल बांधणे हेही साखर करणे नव्हे. ते आपण केले, कारण गरज होती.

हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावा म्हणून मी लेखी सूचना देत आहे. सूचनेवर पहिली सही माझ्या भावाची आहे, त्याने ती डाव्या हाताने केली आहे. ज्या सभासदांना सही करायची असेल त्यांनी बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते बारा या वेळात आमच्या गट ऑफिसात यावे. ज्यांच्या घरी असा प्रसंग होऊन दोन वर्षे पुरी झालेली नाहीत, त्यांनी सहीसाठी थांबू नये. आधी दवाखान्यात अर्ज द्यावा आणि त्याची पोच घेऊनच यावे.

— एक ऊस उत्पादक सभासद